टपाची जाहिरात

मित्रांनो, माझ्या पोटात सुरुवातीला शब्द नव्हते, पेट्रोल होतं. आमच्या केनवडात मोटार आली की पोरं खेळ टाकून आणि बाया तव्यावरची भाकर टाकून सडकेकडे धावत, त्या दिवसांतली ही गोष्ट. तेव्हा पेट्रोल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायचं. त्यातलाच मी एक डबा. रिकामा झालो तसा बाबूलाल शेठच्या दुकानामागे जाऊन पडलो. तिथून मला एका टिनवाल्या चाचांनी उचललं, कापलं, गोल वळवलं, सांध्यांना कथलाचा डाग दिला आणि एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला रुंद तोंड केलं. पुस्तकात मला कर्णा म्हणतात. आमच्या वऱ्हाडात भोंगा. मला वीज लागत नाही, तार लागत नाही. तोंड लावायचं आणि बोलायचं. पेट्रोलचा वास मात्र पुढे कैक वर्षं गेला नाही. बोलणाऱ्याला ठसका लागायचा आणि ऐकणारी पोरं नाक दाबून हसायची.

आता मी पार गंजलो आहे. सतीशच्या घरात एका खुंटीला लटकून असतो. परवापर्यंत मला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. पण मग माझ्यावरून या घरात असा वाद पेटला, की मला माझं सगळं आयुष्य आठवावं लागलं.

झालं असं. गावातल्या हौशी मंडळींनी 'आपलं जुनं केनवड' अशी मिरवणूक काढायचं ठरवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जुना बाजार उभा करायचा: सोनार, शिंपी, चहावाला, गादीवर बसलेला शेठ. आणि ट्रॉलीच्या पुढे पायी चालणारा दवंडीवाला, गळ्यात डफडं आणि हातात मी. पुढाकार तांड्यावरच्या उदयसिंग गुरुजींचा. गुरुजी निवृत्त झालेले, मनाचे सरळ, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घेतली. ते एका संध्याकाळी डफडं आणि घोंगडी घेऊन सतीशच्या दारात उभे राहिले.

सतीश म्हणजे माझ्या मालकाचा, देवमनचा, नातू. आपल्या ऑटोवर स्पीकर बांधून तो दुकानांच्या जाहिराती गावोगाव फिरवतो. आजोबाचं नाव मिरवणुकीत येणार म्हणून तो हरखून गेला. त्यानं मला खुंटीवरून काढलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं. तेवढ्यात आतून भागिरथा आली. भागिरथा ही देवमनची मुलगी, सतीशची आत्या. इंझोरीला दिलेली, नवरा गेल्यावर माहेरी परतली. वयाची ऐंशी कधीच ओलांडली आहे. कानांनी कमी ऐकते, पण जे ऐकायला नको ते बरोबर ऐकते.

"हे डफडं कायले आनलं, गुरुजी?"

"मावशी, तुमचे वडील दवंडी देत होते ना. सतीश त्याईचं सोंग घेईन."

"कोन म्हनते दवंडी देत होते?"

"सारं गाव म्हनते."

"गावानं पाह्यलं काय?"

गुरुजी गडबडले. भागिरथानं सतीशच्या हातातून मला ओढून घेतलं आणि मांडीवर ठेवून खाली बसली.

"माह्या बापानं दवंडी नाही देल्ली. जाहिरात केली."

"एकच झालं ना मावशी!"

"एक नाही."

गुरुजींनी समजुतीच्या सुरात विचारलं, "एखादा फोटो, एखादा कागद हाय का? दाखवा, मी सारं बदलून टाकतो."

"मी हाय ना," भागिरथा म्हणाली.

तिच्याजवळ खरंच दुसरं काही नव्हतं. देवमनला पाहिलेली माणसं एकेक करून गेली होती. सतीशच्या गळ्यातलं डफडं एकदा पोरांच्या मोबाईलमध्ये गेलं, की तिचा बाप कायमचा दवंडीवाला होणार होता, आणि ते पुसायला तिच्यानंतर कुणी उरणार नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. पण मी पडलो भोंगा. कुणी तोंड लावल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुम्ही लहान आहात, तुम्हाला वस्तूंचं बोलणं ऐकू येतं. म्हणून तुम्हाला सांगतो.

देवमन ऐन विशीतला गडी होता. दवंडी देणं ही त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या लादलेली गावकी. सरकारी हुकूम निघाला, कुणाचं ढोर हरवलं, पटकीची साथ आली, की त्याच्या बापानं डफडं गळ्यात अडकवायचं आणि गल्लीगल्लीत ओरडत फिरायचं. ताप असो, घरात मयत असो, नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दिवसांत गावोगावी सभा होत होत्या आणि देवमनच्या समाजातली माणसं असली कामं एकेक करून सोडत होती. बाप वारल्यावर देवमननं ते डफडं पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, "हे तुमचं तुमाले," एवढंच म्हणाला आणि नाल्यावर जाऊन हात धुतले. हे मी पाहिलेलं नाही, तेव्हा मी पेट्रोलचा डबाच होतो. त्याच्या तोंडून ऐकलं ते सांगतो.

पुढचं मात्र मी पाहिलं आहे.

बाबूलाल शेठच्या दुकानात तेव्हा नवनवा माल येऊ लागला होता. कंदील, सायकलच्या ट्यूबा, बॅटऱ्या, बिस्किटं, चहाच्या पुड्या. शेठनं दारावर ही लांबलचक पाटी रंगवून घेतली, पण गावात वाचता येणारी माणसं किती? माल धूळ खात पडला. शेवटी शेठनं मला चाचांकडून आणवलं आणि देवमनला बोलावलं.

"बाजारात माह्या मालाची दवंडी दे."

"दवंडी नाही देत शेठ. म्हनसान तं जाहिरात करतो."

"त्यात फरक काय रे?"

"दवंडी हुकमाची रायते. हुकूम कोनी पाहून थोडाच सांगते? वरून आला का ओरडा. जाहिरात मालाची. माल हातात घेऊन पाह्यल्याबिगर मी कसा सांगू? खोटं निंगालं तं लोकाईले तोंड काय दाखवू?"

शेठची पंचाईत झाली. कारण आजवर देवमन दुकानाच्या ओट्याखाली उभा राहायचा. शेठ वस्तू ओट्याच्या कडेला ठेवून मागे सरायचा, मग देवमननं ती उचलायची. हातात हात लागता कामा नये. पण बॅटरी कशी लावायची हे लांबून कसं दाखवणार? देवमननं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हे बटन कोनीकडं लोटू?" शेठनं आजूबाजूला पाहिलं, खाली उतरला आणि देवमनचा अंगठा धरून बटणावर दाबला.

"उजेड कुठी हाय?" देवमन म्हणाला. भर दुपार होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि बॅटरी माझ्या रुंद तोंडात घातली. मित्रांनो, माझ्या आतला अंधार त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. माझे डाग दिलेले सांधेसुद्धा लख्ख दिसले. देवमन पोटभर हसला आणि तसाच बाजारात गेला. "बाबूलाल शेठच्या दुकानात बॅटरी आली हो! म्या लावून पाह्यली! भोंग्याच्या पोटात चांदनं पडलं!"

संध्याकाळपर्यंत दुकानासमोर झुंबड उडाली.

मग काय, सगळा बाजार देवमनच्या मागे लागला. शिंप्यानं पायाचं मशीन आणलं; देवमननं आधी स्वतःचा सदरा शिवून घेतला, दोन्ही हात ताणून शिवण उसवते का पाहिली, मग सांगितलं. चहावाल्याला त्याला कपात चहा द्यावा लागला. फुटक्या कपात दिला तर हा पठ्ठ्या "चहा झकास, कप फुटका" असं भर चौकात सांगायचा, म्हणून चांगला कप द्यावा लागला. पोरांना 'जाहिरात' म्हणता यायचं नाही. ती "जायरात आली, जायरात आली!" करत मागे धावायची. लोकांचा त्याच्यावर एवढा विश्वास बसला, की देवमननं न सांगितलेली वस्तू घ्यायला म्हाताऱ्या बाया कचरायच्या. मीही काही कमी ताठ्यात नव्हतो. केनवडातला एकुलता एक भोंगा मी, पार किन्हीराजा गावापर्यंत माझं नाव गेलं होतं, असं मी तरी समजत होतो.

अशातच बाबूलाल शेठनं मोटार घेतली. केनवडाहून थेट वाशीमच्या स्टेशनापर्यंत. लाकडी बॉडी, आत गाद्यांचे बाक, वर सामान ठेवायला टप. शेठच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

"देवमन, येत्या बाजारी असं सांग का लोक धावत आले पाह्यजेत!"

"बसून पाह्यतो, मंग सांगतो."

बॅटरी हातात देणं वेगळं आणि गावातल्या बड्या मंडळींच्या मांडीला मांडी लावून बसवणं वेगळं. त्यानं घसा खाकरला. "असं कर ना, टपावर बस. मस्त हवा खा."

"बरं," देवमन म्हणाला.

मला वाटलं, हरला बिचारा. टपावर कापसाची ओझी होती आणि कोंबड्यांचं खुराडं होतं, त्यांच्या मधोमध आम्ही बसलो. सडकेकडेच्या बाभळी त्याचे हात ओरबाडत होत्या, एका फांदीनं माझ्या काठाला पोचा पाडला. देवमन मात्र तसाच वाशीमला गेला आणि तसाच परत आला.

बाजाराच्या दिवशी मोटार धुऊनपुसून चौकात उभी. शेठ नवा फेटा बांधून दारात. देवमननं मला तोंडाला लावलं.

"आयका हो मंडळी! बाबूलाल शेठची मोटार आली! टप एक नंबर हाय! हवा लागते, बाभयीचे काटे लागते, धूय डोयात जाते, पन आभाय सारं दिसते! अंदर गादी हाय म्हनतात. म्या पाह्यली नाही! कोनी पाह्यली असन तं मलेबी सांगजा!"

बाजार खदाखदा हसला. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. पण खरी गंमत पुढे झाली. लोकांनी विचार केला, देवमन पाहिल्याशिवाय सांगत नाही हे खरं, पण याला आत काहून बसू दिलं नाही? विटाळाचं म्हणावं, तर चहाही हा आता चांगल्या कपात पितो. आत काहीतरी खोट असणार. बाक मोडका असेल, नाहीतर गादीत ढेकूण असतील. दुसऱ्या दिवसापासून जो येई तो टपावर चढे. आतले बाक रिकामे आणि टपावर मुंग्यांसारखी माणसं, अशी ती मोटार वाशीमला जाऊ लागली. चढावर ती पुढचे पाय उचलते की काय असं ड्रायव्हरला वाटायचं. तो रोज शेठशी भांडायचा.

शेठ देवमनच्या दारात आला. "माह्या धंद्याची वाट लावून राह्यला तू!"

"काय खोटं सांगतलं शेठ? गादी पाह्यली नाही, तं नाही म्हनलं."

शेठ आल्या पावली परतला. दुसऱ्या सकाळी त्यानं स्वतः मोटारीचं दार उघडलं. "बस बाबा." त्या बाकावर पाटलाचा भाऊ बसला होता. देवमनचा पाय आत पडताच तो तडक उठून खाली उतरला. शेठनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा देवमनकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चालव." हे त्यानं धंद्यापोटी केलं की मन पालटलं म्हणून केलं, मला सांगता येणार नाही. केलं हे खरं.

मी देवमनच्या मांडीवर होतो. त्याचा एक हात माझ्यावर आणि दुसरा हात गादीवर, सबंध वाट. ती गादी तो मधूनमधून हलकेच दाबून पाहायचा. वाशीमच्या स्टेशनावर उतरल्यावर त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. आत धूळ येत नव्हती, मित्रांनो.

पुढच्या बाजारी तो म्हणाला, "गादी मऊ हाय हो! म्या बसून पाह्यली! जो तिकीट काढीन त्याले गादी!" हे शेवटचं वाक्य शेठनं दिलेलं नव्हतं. ते देवमननं पदरचं घातलं. शेठ हात वर करून काही बोलणार, तोवर आम्ही पुढच्या गल्लीत पोचलो होतो आणि तेच पुन्हा सांगत होतो. एवढ्या बाजारानं ऐकलेला शब्द शेठला मागे घेता येईना. नंतरच्या आठवड्यात देवमनची आई ठेवणीतलं लुगडं नेसून मोटारीत बसली. वाशीमला तिचं कुणी नव्हतं, कामही नव्हतं. गेली, स्टेशन पाहिलं आणि त्याच गादीवर बसून परत आली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झालं असं वाटलं.

भागिरथा पुढे कैक वर्षांनी जन्मली. छप्पन साली देवमननं कुटुंबासह बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ती जाणती पोर होती. तिनं पाहिलेला बाप म्हणजे खांद्यावर भोंगा टाकून बाजाराला निघालेला माणूस. मग विजेचे स्पीकर आले, सिनेमाच्या गाड्या आल्या, आणि माझी गरज संपली. देवमन गेल्यावर मी रॉकेल ओतायला नरसाळं झालो, पावसात कोंबडीचं घर झालो, सतीशच्या लेकीची, पौर्णिमेची, टोपीसुद्धा झालो. राग येई, पण करतो काय? शेवटी भागिरथानं मला राखेनं घासून खुंटीला टांगलं.

आता परत मिरवणुकीकडे येतो. आदल्या दिवशी सतीश तिला म्हणाला, "आत्या, तासाभराचा सवाल हाय. लोकाईनं आजोबाचं नाव घेतलं, हे कमी हाय काय?"

"कोन्तं नाव घेतलं ते पाय," ती म्हणाली आणि मला काही दिलं नाही.

सतीश बिनभोंग्याचाच गेला. शब्द देऊन बसला होता. मिरवणूक निघाली. घोंगडी पांघरून, डफडं वाजवत सतीश पुढे, मागे ट्रॉली, ट्रॉलीवर 'दवंडीवाला देवमन' असा फ्लेक्स. आवाज जवळ येऊ लागला तशी भागिरथा मला घेऊन उठली. दारात सतीशची ऑटो उभी होती. ती हळूहळू चालत गेली, मागच्या सीटवर बसली आणि मिरवणूक समोर आली तेव्हा तिनं मला तोंडाला लावलं. मित्रांनो, तिच्या तोंडात दात नाहीत. माझा काठ तिच्या ओठांवर आपटत होता. मी जीव एकवटला.

"मी देवमनची पोरगी. भागिरथा. म्या डोयानं पाह्यलं तेवढंच सांगतो. माह्या बापाच्या हातात म्या डफडं कधी पाह्यलं नाही. भोंगा पाह्यला. त्यानं कोनाचा हुकूम नाही सांगतला. दुकानाचा माल सांगतला, हातात घेऊन पाह्यला मंग सांगतला. आयकलं काय?"

डफडं थांबलं. गर्दीतून एक तरुण ओरडला, "आजी, त्या मोटारीचं सांग ना! ते आमी आयकलं हाय!"

तिनं मला पुन्हा वर धरलं. "मोटारीच्या टायमाले मी जल्मली नव्हती. पाह्यलं नाही, तं कसं सांगू?"

सतीशनं गळ्यातलं डफडं काढलं, ट्रॉलीवर ठेवलं, घोंगडीही ठेवली. कुणाला काही न विचारता उदयसिंग गुरुजी ट्रॉलीवर चढले, फ्लेक्सचा 'दवंडीवाला' लिहिलेला भाग मागे दुमडला आणि सुतळीनं घट्ट बांधला. उरलं फक्त 'देवमन'. सतीश आपल्या साध्या शर्टात येऊन ऑटोत बसला. स्पीकर बंद ठेवून त्यानं ऑटो मिरवणुकीच्या पुढे घेतली. मागच्या सीटवर भागिरथा, तिच्या मांडीवर मी.

म्हणून मित्रांनो, मला पुसून ठेवा, गंज लागू देऊ नका, असं मी म्हणत नाही. पत्रा आहे, आज ना उद्या गंजणारच. माझं मागणं एवढंच. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी काय काय पाहिलं ते आजच विचारा, आणि ते ज्या नावानं सांगेल तेच नाव धरा. आपल्या सोयीचं नाव त्याला चिकटवू नका. भागिरथानं मोटारीचं सांगितलं नाही, कारण ती तिथे नव्हती. मी होतो. देवमन गादीवर बसला तेव्हा मी त्याच्या मांडीवर होतो, आणि ते पाहिलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.